कानाची कमाई

मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करणाऱ्याच्या पायाखाली तीन पट्ट्यांचं एक पेडल असतं. मधली पट्टी दाबली की डॉक्टरांचा आवाज सुरू होतो, डावी दाबली की मागे जातो, उजवी दाबली की पुढे. दोन्ही हात कळफलकावर गुंतलेले असतात, तेव्हा आवाज पायानेच थांबवता आणि फिरवता यायला हवा. विसावं शतक संपता संपता मी पुण्यात या धंद्यात आले, तेव्हा आमचं पेडल कॉम्प्युटरच्या मागे गेम पोर्टला जोडलेलं असे. साउंड कार्डावरचं ते पंधरा पिनांचं पोर्ट मुळात जॉयस्टिकसाठी होतं. त्याच्या जोरावर आम्ही अमेरिकेतल्या रुग्णांच्या डिस्चार्ज समऱ्या टाइप केल्या. २००७ च्या आरंभी विंडोज व्हिस्टा आली आणि तिने गेम पोर्टचा आधारच काढून घेतला. पेडल धडधाकट होतं, पोर्टही धडधाकट होतं, पण पाय कितीही दाबला तरी आवाज सुरू होईना.

जुनं डिक्टेशनचं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालवायचं म्हटलं की लोक सिस्टीमवाल्याला हाक मारतात आणि तो विषय तिथेच संपला असं समजतात. मी या धंद्यात आधी टायपिंग केलं, मग क्यूए म्हणून इतरांचं काम तपासलं आणि पुढे नवी सिस्टीम बसवताना टायपिस्ट आणि सिस्टीमवाले यांच्यामध्ये उभी राहिले. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की यात प्रश्न माणसांच्या साठलेल्या कष्टांचा असतो. सॉफ्टवेअर कंपनीचं असतं. त्यात वर्षानुवर्षं भरलेले शब्द, लघुरूपं आणि दुरुस्त्या मात्र काम करणाऱ्यांच्या असतात. सॉफ्टवेअर बदललं की ही कमाई कुठे जाते, हा आमच्या धंद्याच्या इतिहासातला सगळ्यात कमी लिहिला गेलेला भाग आहे.

हा धंदा कॉम्प्युटरच्या पुष्कळ आधीचा. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ केला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गाण्यांच्या आधी कचेरीतलं डिक्टेशन होतं. अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या प्रयोगशाळेत चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी मेणाचा थर दिलेल्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर आवाज कोरण्याची युक्ती काढली. त्यांच्या यंत्राचं नाव ग्राफोफोन. त्याची पेटंटं १८८६ ची. हा ग्राफोफोन अमेरिकेत ब्रिजपोर्ट इथल्या हाऊ शिलाई मशिनच्या कारखान्यात तयार झाला, आणि सुरुवातीची यंत्रं शिवणयंत्रासारखी पायानेच चालवायची होती. म्हणजे डिक्टेशन आणि पाय यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. कोलंबियाने १९०७ मध्ये ‘डिक्टाफोन’ हे नाव नोंदवलं. १९४७ मध्ये मेणाच्या नळकांड्याची जागा प्लॅस्टिकच्या डिक्टाबेल्टने घेतली, १९६० च्या दशकाच्या अखेरीला फिलिप्सची मिनी कॅसेट आणि ऑलिम्पसची मायक्रोकॅसेट आली. दर वेळी माध्यम बदललं की आधीचं वाजवणारं यंत्र निकामी होई.

रुग्णालयांना या यंत्रांची गरज का पडली, त्याचंही कारण नेमकं आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने १९१९ मध्ये रुग्णालयांसाठी किमान निकष ठरवले. प्रत्येक रुग्णाची अचूक आणि पूर्ण नोंद ठेवणं हा त्यांतला एक. शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांना लिहायला वेळ नसतो. म्हणून डॉक्टर बोलणार आणि दुसरं कुणीतरी ऐकून टाइप करणार, अशी विभागणी झाली. ऐकणाऱ्या बहुतेक बाया होत्या. १९७८ मध्ये त्यांनी आपली संघटना उभारली, अमेरिकन असोसिएशन फॉर मेडिकल ट्रान्सक्रिप्शन, आणि हे काम शुद्धलेखनाच्या पलीकडचं आहे हे पटवून द्यायला सुरुवात केली.

ते पलीकडचं काय, ते सांगते. ‘इलियम’ असा उच्चार ऐकू आला तर तो लहान आतड्याचा शेवटचा भाग असेल किंवा कमरेचं हाड असेल; इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, कानाला काहीच नाही. सेलेब्रेक्स सांधेदुखीवरचं, सेरेबिक्स झटक्यांवरचं, सेलेक्सा नैराश्यावरचं. तिन्ही नावं घाईत बोलली की एकसारखी. रुग्णाला काय झालंय हे समजल्याशिवाय कोणतं लिहायचं ते ठरत नाही. समजलंच नाही तर अंदाज करायचा नाही, ब्लँक सोडायचा आणि आवाजातली वेळ नोंदवायची. हा नियम आमच्या क्यूए मॅडमनी पहिल्याच आठवड्यात आमच्या मनावर असा ठसवला की आजही मी ऐकीव गोष्टीवर लगेच विश्वास ठेवत नाही.

आपल्याकडे हे काम यायला तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांची योजना आली, १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि घड्याळ तर आधीपासूनच आपल्या बाजूला होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. डॉक्टर दिवसभराचं बोलून घरी जायचे आणि दुसऱ्या सकाळी परत येईपर्यंत आमच्याकडून टाइप झालेल्या फाइली तयार असायच्या. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे इथे छोटी-मोठी ऑफिसं निघाली. बीएस्सी झालेल्या मुली, बीएचएमएस आणि बीएएमएस करून प्रॅक्टिस न जमलेले तरुण, घरी लहान मूल असलेल्या आया यांना या धंद्याने पगार दिला. पैसे ओळीवर मिळत. ओळ म्हणजे रिकाम्या जागा धरून ६५ अक्षरं. पुण्यात गुरुवारी वीज जायची ती गृहीत धरून इन्व्हर्टर लावलेला असे.

लाइन चिंचोळी होती, म्हणून आवाज दाबून पाठवला जाई. टेलिफोनच्या दर्जाचा साधा आवाज मिनिटाला साधारण ४८० किलोबाइट घेतो. ट्रूस्पीच नावाच्या कोडेकने दाबला की तोच सुमारे ६४ किलोबाइटमध्ये बसतो. ट्रूस्पीच विंडोजमध्येच मिळत असे, त्यामुळे आम्हाला त्याची कधी आठवणही व्हायची नाही. दुसरीकडे ऑलिम्पस, फिलिप्स आणि ग्रुंडिग यांनी मिळून डीएसएस हा डिक्टेशनसाठीचा वेगळा फाइल-प्रकार चालवला. त्या फाइलींना त्यांचंच प्लेअर लागे.

ओळीवर पैसे म्हटल्यावर वेगाला महत्त्व. तिथे एक्स्पांडर कामाला यायचं. ‘द पेशंट वॉज प्रेप्ड अँड ड्रेप्ड इन द युज्वल स्टेराइल फॅशन’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक ऑप नोटमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेच्या नोंदीत, असतं. तीन अक्षरं मारली की ते अख्खं उमटायचं. डॉसवरच्या वर्डपर्फेक्ट ५.१ मध्ये यासाठी मॅक्रो होते, वर्डमध्ये ऑटोकरेक्ट, शिवाय इन्स्टंट टेक्स्टसारखी खास सॉफ्टवेअरं. चांगल्या एमटीची, म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्टची, अशा लघुरूपांची यादी हजारांच्या घरात जाई. कुणाची यादी कशी आहे यावरून ती कोणत्या डॉक्टरांची कामं करते ते ओळखू यायचं. हृदयरोगतज्ज्ञाची कामं करणारीच्या यादीत अँजिओप्लास्टीचे परिच्छेद तयार असत, हाडांच्या डॉक्टरांची कामं करणारीच्या यादीत स्क्रूची मापं. प्रत्येक नोंद म्हणजे एकदा अडलेली, शोधलेली, तपासलेली आणि पुन्हा अडू नये म्हणून ठेवलेली गोष्ट.

ही यादी कुठे साठते हे मात्र फार थोड्यांना माहीत असे. वर्डमध्ये स्पेलचेकरला शिकवलेले शब्द कस्टम डॉट डिक या फाइलीत जातात. ती साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्ये उघडते, दिसते, कॉपी होते. ऑटोकरेक्टची साधी लघुरूपं एसीएल प्रकारच्या फाइलीत जातात, ती नोटपॅडमध्ये वाचता येत नाही; आणि ठळक किंवा तिरप्या अक्षरांतली लघुरूपं नॉर्मल या टेम्प्लेटमध्ये. म्हणजे एकाच बाईची कमाई तीन जागी विखुरलेली. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेली विंडोज एक्सपी बरीच वर्षं टिकली, त्यामुळे या प्रश्नाचा सामना करायची वेळ लवकर आली नाही.

मग व्हिस्टा आली आणि २००९ च्या ऑक्टोबरात विंडोज ७. बऱ्याच ऑफिसांनी व्हिस्टा टाळली आणि एक्सपीवरून थेट सातवर उडी घेतली, म्हणून सगळं एकदम अंगावर आलं. गेम पोर्टचं सांगितलंच. ट्रूस्पीचचा आधार व्हिस्टापासून गेला होता. जुन्या फाइली प्लेअरमध्ये दिसायच्या, पण वाजायच्या नाहीत. डॉसचा प्रोग्रॅम पूर्ण पडद्यावर चालवायची सोय नव्या डिस्प्ले ड्रायव्हरांमुळे बंद झाली; वर्डपर्फेक्टच्या निळ्या पडद्याला सरावलेल्या डोळ्यांना ते फार लागलं. जुन्या सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिका एचएलपी प्रकारच्या होत्या आणि त्या उघडणारा प्रोग्रॅम विंडोजसोबत येईनासा झाला. त्यामुळे अडचण काय आहे ते शोधायला मदत उघडावी, तर तीही मिटलेली. काही सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टला लावायचं डाँगल लागे. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नव्हतं, आणि यूएसबीचं रूपांतर करणारी केबल लावली तरी डाँगल सहसा ओळखलं जात नसे.

६४ बिटी विंडोजने आणखी एक दार बंद केलं. त्यावर १६ बिटी प्रोग्रॅम चालतच नाहीत. १९९० च्या दशकातलं पुष्कळ सॉफ्टवेअर स्वतः ३२ बिटी असूनही ते बसवणारं सेटअप १६ बिटी असे. म्हणजे आत गेलं असतं तर चाललं असतं, पण उंबऱ्यावरच अडलं. ड्रायव्हरही ६४ बिटी आणि सही केलेला लागतो. जुन्या पेडलांसाठी तसा ड्रायव्हर लिहायला कंपन्यांना कारण उरलं नव्हतं.

सगळ्यात जास्त रडवलं ते व्हर्च्युअलस्टोअरने. जुनी सॉफ्टवेअरं आपली शब्दयादी प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरातच लिहून ठेवत. एक्सपीवर बहुतेक जण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करायचे, त्यामुळे ते चालून जाई. व्हिस्टापासून त्या फोल्डरात साध्या वापरकर्त्याला लिहायला मनाई झाली. पण जुनं सॉफ्टवेअर कोलमडू नये म्हणून विंडोज ती फाइल त्या वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटामध्ये, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात, वेगळी लिहून ठेवू लागली. सॉफ्टवेअरला वाटायचं आपण जुन्याच जागी लिहितोय. आमच्याकडे एका कॉम्प्युटरवर दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा दोघी बसायच्या, दोघींचं लॉगिन वेगळं. दिवसा शिकवलेले शब्द रात्री नाहीत, रात्रीचे दिवसा नाहीत. बॅकअप घेतला जायचा तो प्रोग्रॅम फाइल्सचा, म्हणजे जुन्या, गोठलेल्या यादीचा. “दादा, माझे शब्द कुणी पुसले?” असं रडवेल्या आवाजात विचारणारी सहकारी मला अजून आठवते. शब्द पुसले गेले नव्हते. ते ज्या ठिकाणी होते ती जागा सॉफ्टवेअरला माहीत नव्हती, मॅनेजरला माहीत नव्हती आणि जिचे होते तिला तर नव्हतीच.

मार्ग निघाले. सिस्टीमवाल्या दादांनी व्हर्च्युअलस्टोअर उघडून दोन्ही याद्या एकत्र केल्या आणि सॉफ्टवेअर प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, सी ड्राइव्हच्या मुळाशी वेगळ्या फोल्डरात बसवलं. तिथे लिहायला सर्वांना परवानगी दिली. सेटअप अडलं तिथे एक्सपीवरचा अख्खा फोल्डर आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी उचलून आणल्या. गेम पोर्टचं पेडल जाऊन ड्रायव्हर न मागणारं यूएसबी पेडल आलं. विंडोज ७ प्रोफेशनलवर मायक्रोसॉफ्टने एक्सपी मोड दिला होता, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात चालणारी पूर्ण एक्सपी. काहींनी तेच काम व्हर्च्युअलबॉक्सवर केलं. पण त्यात आवाज पेडलच्या किंचित मागे राहायचा. पाय उचलल्यावर आवाज तिथेच थांबला पाहिजे आणि पुन्हा दाबल्यावर एखादा शब्द मागून सुरू झाला पाहिजे, हा आमच्या कामाचा ठोका. तो चुकला की दिवसाच्या ओळी घटतात आणि महिन्याचा पगारही.

आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची कहाणी याला समांतर चालली होती. जेम्स बेकर आणि जॅनेट बेकर या दांपत्याने १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ड्रॅगन सिस्टिम्स काढली. त्यांचं १९९० चं ड्रॅगनडिक्टेट सुमारे ९,००० डॉलरचं, आणि त्याच्याशी एकेक शब्द तोडून बोलावं लागे. १९९७ चं नॅचरलीस्पीकिंग सलग बोलणं समजू लागलं. २००० मध्ये बेल्जियमच्या लर्नाउट अँड हॉस्पी या कंपनीने ड्रॅगनही घेतली आणि त्याच वर्षी डिक्टाफोनही. पुढे तिचे हिशेब खोटे निघाले, कंपनी बुडाली आणि बेकर दांपत्याला मोबदल्यात मिळालेले शेअर मातीमोल झाले. मालमत्ता स्कॅनसॉफ्टकडे गेली, स्कॅनसॉफ्टने २००५ मध्ये न्युआन्स हे नाव घेतलं, आणि मार्च २०२२ मध्ये न्युआन्स मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली. आयुष्यभराचं संशोधन हातातून निसटलेल्या बेकर दांपत्यात आणि यादी हरवलेल्या माझ्या सहकारिणीत मला फारसं अंतर दिसत नाही.

ड्रॅगनमध्ये जपायची वस्तू असते वापरकर्त्याचं प्रोफाइल. त्यात तुमच्या आवाजाचं मोजमाप असतं, तुमचे शब्द असतात आणि केलेल्या दुरुस्त्यांवरून शिकलेल्या सवयी असतात. पुण्यातले एक वयस्कर रेडिऑलॉजिस्ट एक्सपीवरच्या जुन्या ड्रॅगनवर रिपोर्ट सांगायचे. त्यांच्याकडे नवा कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. “मला नवं नको असं नाही, ताई,” ते म्हणाले. “पण हे इतकी वर्षं माझ्याकडून शिकलंय. ते सगळं टाकून द्यायचं?” जुनं प्रोफाइल लगतच्या आवृत्तीतच नीट चढतं, त्यांची आवृत्ती बरीच मागे राहिली होती. त्यातून मायक्रोफोन आणि साउंड कार्ड बदललं की आवाजाचं जुनं मोजमाप तसंही कामाचं राहत नाही. म्हणून आवाज नव्याने शिकवला आणि शब्दांची यादी तेवढी साध्या मजकुराच्या फाइलीत बाहेर काढून नव्यात भरली. औषधं, आडनावं, त्यांची ठरलेली वाक्यं तशीच आली. आवाज पुन्हा देता येतो. शब्द गेले असते तर ते आठवून आठवून परत आणायला वर्षं लागली असती.

जुन्याला कायम कवटाळून बसावं असं माझं म्हणणं नाही. रुग्णाची माहिती ही विश्वासाने दिलेली ठेव आहे. अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याखालच्या नियमांनी ती सांभाळायची जबाबदारी आमच्यासारख्या दूरच्या ऑफिसांपर्यंत पोचवली. एक्सपीला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं ८ एप्रिल २०१४ ला थांबलं, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला. १२ मे २०१७ च्या वॉनाक्राय या सायबर हल्ल्याने ब्रिटनच्या बऱ्याच सरकारी रुग्णालयांमधली कामं बंद पाडली. त्याच वर्षी २७ जूनच्या नॉटपेट्या हल्ल्यात न्युआन्सची ट्रान्सक्रिप्शन सेवा कोसळली आणि पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे गेले. जुनी सिस्टीम चालवायचीच असेल तर ती नेटवर्कपासून तोडून, फक्त जुन्या फाइली वाजवण्यापुरती चालवावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नवं यायलाच हवं. येताना त्याने मागच्यांचं संचित सोबत घ्यावं, एवढंच म्हणणं आहे.

आज कामाचं रूप पालटलं आहे. आधी यंत्र टाइप करू लागलं आणि आम्ही एमटीचे एडिटर झालो. आता डॉक्टर आणि रुग्ण यांचं संभाषण ऐकून यंत्र स्वतः टिपण तयार करतं. २०२३ मध्ये नवी मुंबईच्या आयकेएस हेल्थने अमेरिकेतली अ‍ॅक्विटी ही ट्रान्सक्रिप्शनमधली मोठी कंपनी विकत घेतली. जिथे कधी कामाच्या फाइली येत, तिथे आता मालकी आली. एडिटरने केलेली प्रत्येक दुरुस्ती मात्र दूरच्या सर्व्हरवर साठते. ती फोल्डरात नसते, तिची सीडी करता येत नाही, नोकरी सोडताना सोबत नेता येत नाही. व्हर्च्युअलस्टोअरमध्ये हरवलेले शब्द निदान त्याच टेबलावर होते.

म्हणून रुग्णालयांना, ऑफिसांना आणि या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. नवी सिस्टीम घेताना वेग आणि किंमत विचारायच्या आधी विचारा: आमचे शब्द साध्या मजकुरात बाहेर काढता येतील का, आणि ते काढायचा हक्क कुणाला असेल? उत्तर करारात लिहून घ्या. आणि जी स्वतः कान देऊन काम करते तिने आपली यादी महिन्यातून एकदा साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून ठेवावी. रुग्णांची नावं त्यात नकोत, फक्त शब्द आणि लघुरूपं. माझ्या पाहण्यात आलेल्या सिस्टीम एकामागून एक गेल्या. साध्या मजकुरातल्या याद्या मात्र प्रत्येक नव्या सिस्टीमने न कुरकुरता आत घेतल्या.